भुताळ पार्टीचा खारा खाऊ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेटकिणीची बोटं, पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममी, कवट्या, वटवाघळं, असा सगळा तिखटमिठाचा आणि ओव्हनमधून निघणारा खाऊ घरी करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलं आहे आणि ते साध्या, पंखा नसलेल्या ओव्हनचं आहे. तुमच्या ओव्हनचा पंखा चालू असेल तर २० अंश कमी धरा.

गोड सोडून खारंच का करायचं?

गोड पार्टीत आपोआप येतं. केक असतो, चॉकलेटं असतात, कोणी ना कोणी कुकीजचा डबा घेऊन येतोच. तासाभरात सगळ्यांची तोंडं गोडाने मिटतात आणि मग एकेक जण स्वयंपाकघरात डोकावून ‘काही खारं आहे का?’ विचारू लागतो.

दुसरं कारण दिसण्याचं. भाजलेल्या पावाचा तपकिरी, सुरकुतलेला रंग आपोआपच कातडीचा वाटतो. वितळलेलं चीज ओघळतं, मशरूम आक्रसतं, टोमॅटोचा सॉस लाल असतोच. गोडात हेच साधायला आयसिंग आणि बाटलीतले रंग लागतात. खाऱ्यात अर्धं काम ओव्हन करतो.

किती प्रकार करावेत?

तीन. फार तर चार. आठ प्रकार करायला घेतले की प्रत्येकाचे डोळे, नखं, दात शेवटच्या पंधरा मिनिटांत लावायचे राहतात आणि पाहुणे आल्यावरही तुमचे हात पिठातच असतात. एक प्रकार यीस्टच्या पिठाचा, एक पफ पेस्ट्रीचा, एक मैदा नसलेला (मशरूम किंवा ढोबळी मिरची) आणि बरोबर एक लालभडक डिप, एवढ्यात टेबल भरतं.

नंतर जेवण असेल तर माणशी ५-६ तुकडे पुरतात. हाच खाऊ म्हणजे जेवण असेल तर १० ते १२ धरा.

चेटकिणीची बोटं भाजल्यावर जाडजूड ब्रेडस्टिक का होतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. याची कारणं तीन: पीठ फार सैल असतं, बोट आधीच जाड वळलेलं असतं आणि वळल्यानंतर ते फार वेळ फुगायला ठेवलेलं असतं.

आकार टिकवायचा तर पीठ घट्ट हवं. ५०० ग्रॅम मैद्याला २९० मिली कोमट पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम साखर आणि ३० मिली तेल. मऊ लुसलुशीत पावासाठी पाणी यापेक्षा बरंच जास्त घालतात, इथे तो मोह टाळा. दहा मिनिटं चांगलं मळा, झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, साधारण तासभर. मग हवा काढून २० ग्रॅमचे गोळे करा, चाळीसेक होतील. झाकून दहा मिनिटं विसावू द्या, नाहीतर वळताना पीठ मागे खेचलं जातं.

आता वळणं. बोट स्वतःच्या करंगळीपेक्षा बारीक वळायचं, लांबी १०-११ सेंटीमीटर. कच्चं असताना ते हास्यास्पद रीतीने बारीक दिसलं पाहिजे, फुगल्यावर बरोबर होतं. मग आपलं बोट समोर धरून पाहा: सांध्यापाशी जाड, सांध्यांच्या मध्ये बारीक. तसंच दोन ठिकाणी चिमटीत दाबून पीठ बारीक करा आणि मधल्या उंचवट्यांवर सुरीच्या पाठीने तीन-तीन आडव्या रेघा द्या. रेघा खोल, जवळजवळ अर्ध्यापर्यंत. वरवरच्या रेघा ओव्हनमध्ये पुसल्या जातात. काही बोटं किंचित वाकडी ठेवा. सगळी सरळ, एकसारखी बोटं फॅक्टरीतून आल्यासारखी दिसतात.

दुसऱ्यांदा फुगायला फक्त दहा मिनिटं द्या आणि २०० अंशावर १२-१४ मिनिटं भाजा.

नखं गळून पडतात. काय करावं?

नखाचा बदाम पिठावर नुसता ठेवला तर पीठ फुगताना त्याला वर ढकलतं. बोटाच्या टोकाला आधी करंगळीच्या टोकाने खळगा करा, त्यात मैदा-पाण्याची दाटसर पेस्ट किंवा अंड्याचा पांढरा भाग लावा आणि मग बदाम तिरका, मागची कड पिठात घुसेल असा दाबा. इतका, की खालचं पीठ बदामाच्या दोन्ही कडांनी थोडं वर यावं. तीच नखाची कड दिसते. भाजून झाल्यावरही एखादं सुटलंच, तर त्या खळग्यात टोमॅटो पेस्टचा ठिपका घालून परत बसवा. लाल ओघळ नखाखालून डोकावतो तेव्हा ते मूळच्यापेक्षा भारी दिसतं.

सोललेला बदाम आजारी, फिकट नख देतो, सालीचा बदाम म्हाताऱ्या चेटकिणीचं. कोणाला सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर भोपळ्याच्या सोललेल्या बिया वापरा. हिरवट नख मला तर बदामापेक्षाही आवडतं. लाल ढोबळी मिरचीचा तिकोनी तुकडाही चालतो, पण तो भाजल्यानंतर लावायचा.

ममीच्या पट्ट्या ओव्हनमध्ये एकमेकींत मिसळतात किंवा सुटतात, असं का?

पफ पेस्ट्रीत मैदा आणि बटरचे पातळ थर असतात. ओव्हनच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती थरांना वर उचलते. हे घडायला बटर ओव्हनमध्ये शिरेपर्यंत घट्ट असावं लागतं. हाताच्या उबेने ते आधीच वितळलं की थर एकजीव होतात, पट्ट्या पसरतात आणि ममीऐवजी एक रोल हाती येतो.

म्हणून गोठवलेली पेस्ट्रीची शीट फ्रीजमध्येच सावकाश सैल होऊ द्या, बाहेर काढल्यावर भराभर काम करा. पिझ्झा कटरने ८ ते १० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. गुंडाळताना ताणू नका, ताणलेली पट्टी भाजताना आखडते आणि तुटते. पट्टीचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक दोन्ही खालच्या बाजूला दाबून टाका. एक पट्टी तिरकी, दुसरी तिला छेद देणारी, मध्ये मध्ये फट. नीटनेटकी गुंडाळलेली ममी ममी वाटत नाही. चेहऱ्याच्या जागी बोटभर फट सोडायला विसरू नका.

तयार ममी ट्रेसकट २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि थंडगार असतानाच २०० अंशावर तापलेल्या ओव्हनमध्ये घाला. १८ ते २२ मिनिटं लागतात. वरून अंडं किंवा दूध लावायचं तर फक्त पट्टीच्या माथ्यावर. कापलेल्या कडेवर ओघळलं की तिथले थर चिकटतात आणि फुगत नाहीत.

ममीच्या आत काय भरावं?

ज्यातून पाणी सुटणार नाही असं काहीही. तयार शिजवलेलं सॉसेज सगळ्यात सोपं, फक्त कागदाने कोरडं करून घ्या. कच्चं सॉसेज वापरू नका, पेस्ट्री होईपर्यंत ते आत नीट शिजेल याची खात्री नसते. शाकाहारी करायचं तर भाजून घेतलेल्या गाजराचा तुकडा, घट्ट टोफूची कांडी किंवा न वितळणारं हलूमी चीज. मोझरेला भरलं तर ते फटीतून निघून ट्रेवर पसरेल, हे धरूनच चाला. मशरूमचं सारण असेल तर कढईत पार कोरडं होईपर्यंत परता आणि पूर्ण थंड करूनच भरा. गरम सारण बटर वितळवतं.

डोळे केव्हा लावायचे?

भाजल्यानंतर. नेहमीच. चीजचा डोळा ओव्हनमध्ये वितळून गालावर येतो, ऑलिव्हचा सुकून आक्रसतो. ममी बाहेर काढा, पाच मिनिटं थांबा, मग चीजच्या स्लाइसमधून स्ट्रॉने गोल पाडून बसवा. डोळ्याच्या बाहुलीला काळ्या ऑलिव्हचा बारीक तुकडा किंवा एक काळा तीळ. अख्खी मिरी दिसते सुंदर, पण दाताखाली आली की पाहुणा तुमची आठवण काढतो.

दोन्ही डोळे एकाच आकाराचे नकोत. एक किंचित मोठा, एक जरा खाली. मख्ख, सरळ पाहणारे डोळे गोंडस दिसतात, तिरळे डोळे अस्वस्थ करतात. कोणता परिणाम हवा ते मुलांच्या वयावर ठरवा.

पिझ्झावरचं चीजचं भूत वितळून डबकं होतं. आकार कसा टिकवायचा?

ताजं, पाण्यातलं मोझरेला भुतासाठी कापू नका, ते पाणी सोडून पसरतं. प्रोसेस्ड चीजचे स्लाइस इथे कामाचे. त्यांत इमल्सिफायिंग क्षार असतात, त्यामुळे चीज तापलं तरी त्यातलं तेल वेगळं होत नाही आणि ते मऊ पडूनही जागच्या जागी राहतं. छोटे पिझ्झे सॉस आणि थोडं किसलेलं चीज घालून पूर्ण भाजा, बाहेर काढा आणि त्याच क्षणी स्लाइसचं भूत ठेवा. खालच्या उष्णतेने मिनिटभरात ते चिकटतं, कडा जरा सैल पडतात आणि चादर लोंबल्याचा भास होतो. परत ओव्हनमध्ये घालायची गरज नाही.

भूत कापायला साचा नसला तरी चालतं. वर गोल, खाली नागमोडी, एवढंच तर आहे.

साचे नाहीत, मग वटवाघळं आणि शवपेट्या कशा कापायच्या?

जाड कागदावर आकार काढून कापा, लाटलेल्या पिठावर ठेवा आणि धारदार सुरीने कडेने फिरा. सुरी ओढण्यापेक्षा टोकाने दाबत दाबत गेलं की कड स्वच्छ येते. शवपेटी म्हणजे लांबट षट्कोन, सरळ रेघांचा, म्हणून सुरुवातीला तीच सोपी. वटवाघळाचे पंख फार टोकदार करू नका, टोकं आधी करपतात.

क्रॅकरचं पीठ: २०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम थंड बटर, १०० ग्रॅम किसलेलं घट्ट चीज, चिमूटभर लाल तिखट आणि गोळा होण्यापुरतं, दोन-तीन चमचे बर्फाचं पाणी. मीठ घालू नका, चीजमध्ये आहे. बेकिंग पावडरही नको, ती आकार बिघडवते. ३ मिलिमीटर जाड लाटा, कापा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि १८० अंशावर १२ ते १५ मिनिटं भाजा. थंड न करता भाजलं तर कान पसरून वटवाघळाचं घुबड होतं.

काळा रंग कशाने आणावा? चारकोल चालेल का?

ॲक्टिव्हेटेड चारकोल टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो पोटात औषधं स्वतःवर धरून ठेवतो, विषबाधेवर तो वापरतात ते याच गुणामुळे. पाहुण्यांपैकी कोण रक्तदाबाची गोळी घेतं, कोण गर्भनिरोधक गोळी, हे यजमानाला माहीत नसतं. दिसण्यासाठी ही जोखीम कशाला?

काळे तीळ भाजून, कुटून घातले तर राखाडी, दगडी रंग येतो आणि खमंगपणा फुकट मिळतो. वरच्या २०० ग्रॅम मैद्यात दोन मोठे चमचे पुरतात. त्यात एक चमचा गडद, बिनसाखरेची कोको पावडर मिसळली की रंग आणखी खोल होतो. चीज आणि तिखटाबरोबर तेवढा कोको कळतही नाही. अगदी डांबरी काळा हवा असेल तर स्क्विड या समुद्री जिवाची शाई, ८ ग्रॅमच्या आसपास. ती खारट असते आणि अर्थातच मांसाहारी. शिवाय कालवं-शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना तीही बाधू शकते, त्यामुळे बशीवर तसं लिहून ठेवा.

बीट घालून पीठ लाल मळलं, भाजल्यावर तपकिरी झालं. चूक कुठे झाली?

कुठेच नाही. बिटाचा रंग उष्णतेत टिकत नाही, वरच्या कवचात तर मुळीच नाही. पालकाचा हिरवा रंगही भाजल्यावर शेवाळी होतो, पण भुताळ पार्टीत ते पथ्यावरच पडतं. हळदीचं आणखी वेगळं: पिठात खायचा सोडा असेल तर पिवळा रंग लालसर तपकिरीकडे झुकतो.

लाल भाजूनही टिकवायचा असेल तर टोमॅटो पेस्ट आणि पाप्रिका वापरा. टोमॅटोचा रंग उष्णतेला बिटापेक्षा खूपच चिवट असतो. शेंदरी-लाल येईल, रक्ताचा येणार नाही. रक्ताचा लाल बिटातूनच मिळतो, पण तो ओव्हनच्या बाहेर ठेवा: उकडलेलं बीट, दही, लसूण, मीठ आणि लिंबाचा रस मिक्सरमधून फिरवा. लिंबाने रंग उजळ राहतो. या डिपमध्ये बोटं उभी खोचून ठेवली की वेगळी सजावट लागत नाही.

लाल कोबीचं पाणी माहीत असेलच. सोड्याची चिमूट पडली की ते जांभळ्याचं निळं-हिरवं होतं. मुलांना दाखवायला मजेचं, खायच्या पदार्थात मात्र सोड्याची साबणासारखी चव उतरते.

मैदा न खाणाऱ्यांसाठी काय?

मशरूमच्या कवट्या. मला या यादीतला सगळ्यात आवडता प्रकार हाच.

बटण मशरूम देठासकट उभं अर्धं कापा. कापलेली बाजू खाली ठेवली की वरचा गोल भाग म्हणजे कवटी, देठ म्हणजे जबडा. जाड स्ट्रॉने टोपीत दोन भोकं पाडा, ते डोळे. त्यांच्या खाली सुरीच्या टोकाने छोटा तिकोन उडवा, ते नाक. देठावर चार-पाच उभ्या चिरा दिल्या की दात झाले. भोकं आहेत त्यापेक्षा मोठी पाडा. मशरूम म्हणजे बहुतांशी पाणी, ओव्हनमध्ये ते जवळजवळ अर्ध्यावर येतं आणि बारीक भोकं बुजून जातात. तेल, मीठ, लसूण, मिरपूड चोळून २०० अंशावर २० मिनिटं. ट्रेवर गर्दी केली तर ते भाजण्याऐवजी वाफेत शिजतात आणि पांढरट, बुळबुळीत राहतात. सुटे सुटे ठेवले की कडा तपकिरी होतात, डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात. प्रत्येक कवटीचा चेहरा वेगळा निघतो.

नारिंगी ढोबळी मिरचीवर चेहरा कोरून आत शिजवलेला भात किंवा राजमा-मका भरता येतो. सारण आधी शिजलेलंच हवं, कारण १९० अंशावर १५ ते २० मिनिटांच्या पुढे गेलं की कोरलेली मिरची गळाठते आणि चेहरा मिटतो.

ग्लुटेनचा खरोखर त्रास असलेल्या पाहुण्यासाठी नुसता मैदा वगळणं पुरत नाही. त्याचा ट्रे, सुरी आणि बशी वेगळी ठेवा, आणि हे पदार्थ मैदा ओट्यावर येण्याआधी करून टाका.

फ्लॉवरचा ‘मेंदू’ कसा करतात?

६०० ते ७०० ग्रॅमचा घट्ट गड्डा अख्खा ठेवून खारट पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा, पालथा घालून पूर्ण निथळा. तेल चोळून २०० अंशावर ४० मिनिटं भाजा. फटींत टोमॅटो-पाप्रिकाचा दाट सॉस ब्रशने उतरवा, उंचवटे मोकळे सोडा. सगळीकडे सॉस थापला तर तो नुसता लाल फ्लॉवर. मध्ये सुरी खोचून टेबलावर आणा, लहान मुलं असतील तर सुरीशिवाय.

सगळंच खारट झालं. का?

ऑलिव्ह खारवलेले, चीज खारट, सॉसेज खारट, पफ पेस्ट्रीत मीठ, वर डिपमध्ये मीठ. एकेक चाखताना लक्षात येत नाही, एका घासात एकत्र आलं की जीभ चरचरते. ऑलिव्ह अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, सारणात मीठ घालायचं ते शेवटी आणि चाखून. टेबलावर एक तरी गोष्ट आंबट-ताजी असू द्या, काकडीचे तुकडे, बिटाचं डिप.

पीठ मात्र कच्चं चाखू नका. कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, अंडं नसलं तरी. मुलं मदतीला असली की हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

भूत पांढरंच राहावं, तपकिरी होऊ नये, यासाठी?

साखर, दूध, अंडं हे तिन्ही रंग चढवतात, ते पिठातून वगळा. ओव्हन १६५ अंशावर ठेवा, वेळ पाच-सात मिनिटं वाढवा आणि अर्ध्या वेळेनंतर वरून फॉइल सैल टाका. वर मैद्याची भुकटी चाळणीने भुरभुरवली तर पांढरेपणा आणखी टिकतो. हाडांच्या आकाराचे पाव करतानाही हेच. हाडासाठी पिठाच्या लांबट वातीच्या दोन्ही टोकांना कात्रीने चीर द्या आणि दोन्ही फाटे बाहेर गुंडाळा.

ओव्हन नाही, एअर फ्रायर आहे. चालेल?

चालेल, तापमान २० अंशांनी उतरवा आणि थोडे थोडे भाजा. एकच लक्षात ठेवा, आतला पंखा जोरात असतो. ममीची सुटलेली पट्टी उडते, क्रॅकर उलटतात, हलकी सजावट तर वरच्या जाळीला जाऊन चिकटते. टोकं पक्की दाबा.

आदल्या दिवशी किती काम उरकता येतं?

बरंच. क्रॅकर दोन-तीन दिवस आधी करून हवाबंद डब्यात ठेवा. मऊ पडले तर १५० अंशावर पाच मिनिटं, परत कुरकुरीत. बोटांचं पीठ आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये सावकाश फुगू द्या, अशा वेळी यीस्ट निम्मं घाला. चवही जास्त चांगली येते. ममी पूर्ण गुंडाळून कच्च्याच फ्रीजरमध्ये ठेवता येतात, मात्र टोफू किंवा गाजर भरलेल्या नकोत, त्यांचा पोत बिघडतो. गोठलेल्या ममी वितळू न देता थेट ओव्हनमध्ये घाला, चार-पाच मिनिटं जास्त लागतील.

डिप सकाळी. मशरूम पाहुणे यायच्या तासभर आधी. डोळे, नखांखालचं रक्त आणि बाकीचे अवयव शेवटच्या पंधरा मिनिटांत, आणि हे काम खुशाल मुलांवर सोपवा. त्यांच्या हातून झालेले डोळे आपल्यापेक्षा भयानक येतात.

ओव्हन लहान आहे. सगळं गरम कसं देणार?

सगळं गरम द्यायचंच नाही. क्रॅकर आणि बोटं गार चांगली लागतात. गरम लागतात त्या ममी आणि कवट्या, दोन्ही २०० अंशावर होतात आणि वेळही जवळपास सारखाच लागतो. ट्रे दोन असतील तर अर्ध्या वेळेनंतर वरखाली बदला. ओव्हन किमान १५-२० मिनिटं आधी तापवा, दिवा विझला म्हणजे भिंती तापल्या असं नसतं.

किती भयानक करावं?

तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर नखं असलेलं बोट ठेवून पाहा, काही जण खदखदून हसतील आणि एखादं रडून घर डोक्यावर घेईल. लहानांसाठी भुतं आणि वटवाघळं, दहाच्या पुढच्यांसाठी बोटं आणि मेंदू, मोठ्यांसाठी तुमची हिंमत.

केचपचे सडे घालणं मला पटत नाही. पदार्थ ओला होतो, चव एकसुरी होते आणि डोळा सरावतो. एका बशीत दहा बोटं आणि त्यांतल्या एकाच नखाखाली लाल ठिपका असला, की लोकांची नजर तिथेच जाते.

लहान मुलांसाठी कोणती काळजी घ्यायची?

पाचच्या आतल्या मुलांना अख्खा बदाम, अख्खं ऑलिव्ह आणि सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नका, घशात अडकायचा आकार नेमका तोच. सॉसेज उभं चिरून बारीक करा. कोळ्याचे पाय किंवा डोळे धरून ठेवायला टूथपिक आणि सुटे दोरे वापरू नका, मंद उजेडात ते दिसत नाहीत आणि चावले जातात. टेबलावर मेणबत्त्यांऐवजी बॅटरीवरचे दिवे लावा.

धूर दिसावा म्हणून बशीखाली ड्राय आइस ठेवला तर?

ठेवता येतो, पण तो घट्ट कार्बन डायऑक्साइड असतो, उणे ७८.५ अंशाचा. उघड्या हाताला लागला तर भाजल्यासारखी इजा होते, म्हणून जाड हातमोजे आणि चिमटा. हवाबंद डब्यात ठेवला तर वायूच्या दाबाने डबा फुटतो. खोली हवेशीर हवी, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणजे नेमका रांगणाऱ्या मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या पातळीवर. खाण्याच्या भांड्यात तो कधीच टाकू नका, बाहेरच्या मोठ्या वाडग्यात कोमट पाण्यात टाका आणि पदार्थाचं भांडं त्याच्या आत वेगळं ठेवा. घरात लहान मुलं धावणार असतील तर मी हा बेतच रद्द करते.

पदार्थ टेबलावर किती वेळ ठेवावेत?

चीज, सॉसेज, मशरूम, दह्याचं डिप असलेलं सगळं दोन तास. खोली ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एकच तास. म्हणून सगळं एकदम मांडू नका, निम्मं आत ठेवा आणि बशी बदलत राहा, टेबलावरच्या बशीत भर घालू नका. कोरडे क्रॅकर रात्रभर राहिले तरी हरकत नाही.

उरलेल्याचं काय करायचं?

वेळेत फ्रीजमध्ये गेलेल्या ममी दुसऱ्या दिवशी १७० अंशाच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं आतपर्यंत कढत होऊ द्या, आधी डोळे काढून. मायक्रोवेव्हमध्ये पेस्ट्री वातड होते. बोटांची नखं काढा, पावाचे तुकडे करून तेल-लसूण लावा आणि १५० अंशावर पंधरा-वीस मिनिटं सुकवा, सूपवर टाकायला क्रुटॉन तयार. कवट्या चिरून ऑम्लेटमध्ये जातात. बिटाच्या डिपमध्ये लोकांनी बोटं बुडवून खाल्लेली असतात, ते मात्र टाकून द्या.